दाराबाहेरची चार मिनिटं

शेवटून दुसऱ्या पोस्टिंगला मी डोंगरातल्या एका बटालियनबरोबर होतो. जागेचं नाव सांगणार नाही. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी ती सवय गेलेली नाही. उंची साडेआठ हजार फूट. खाली उतरायला एकच रस्ता. वर आमची एक कंपनी आणि तिच्याबरोबर सिग्नलची छोटी तुकडी. त्या तुकडीचा मी नायब सुभेदार. माझं गाव कंधार तालुक्यात.

गावाकडं लोक विचारतात, किती गोळ्या झाडल्या. फार नाही. माझं काम वेगळं होतं. आपली माणसं आपसात जे बोलतात ते तिसऱ्याच्या कानावर जाऊ नये, हे बघायचं. सकाळी साडेपाचला मी टेलिफोनच्या लाइन तपासायचो. जोड कुठं उघडा पडला आहे का, वायरला कुणी हात लावला आहे का, ते बघायचो. ब्रीफिंगच्या आधी अर्धा तास ती खोली माझ्या ताब्यात असायची. खुर्च्या उलट्या करून बघायच्या. टेबलाखाली हात फिरवायचा. विजेचा बोर्ड उघडायचा. भिंतीवरचं सगळं उतरवून मागून बघायचं. एका ठेकेदारानं दिवाळीला कंपनीला घड्याळ भेट दिलं होतं. ते मी खोललं. आत काही नव्हतं. परत जोडताना एक स्क्रू उरला आणि ते घड्याळ रोज सात मिनिटं मागं पडू लागलं. पोरं त्यावरून मला हसायची. हसू दिलं.

मोबाइलचा नियम सोपा होता. गाड्या निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तीनला सगळ्यांचे मोबाइल जमा. त्यानंतर बाहेर बोलायला एकच फोन, एक्स्चेंजच्या खोलीतला, आणि तोही जेसीओच्या, म्हणजे तिथं माझ्या, परवानगीनं. त्या फोनला दोन रिसीव्हर होते. एक बोलणाऱ्याचा. दुसरा जेसीओनं कानाला लावायचा. बोलणारा वेळ, रस्ता, गाड्या यांतलं काही बोलला की लाइन तोडायची. दुसऱ्याचं घरचं बोलणं ऐकत उभं राहणं कुणालाच आवडत नाही. मी ऐकायचो आणि खोलीबाहेर पडलो की विसरायचो. निदान तसं वागायचो.

नाईक शिवराज बिरादार तिथं ड्रायव्हर होता. उदगीरकडचा. वय पस्तीस. घरात मराठी, आजोळी कन्नड. रोज संध्याकाळी चहाचा मग घेऊन एक्स्चेंजच्या पायरीवर बसायचा.

"साहेब, हितं मराठी बोलायला तुमी एकलेच हाव. दिवसभर हिंदी बोलून तोंड आंबलं बगा."

त्याची बायको महानंदा आणि मुलगी लातूरला राहायच्या. मुलगी अकरावीत होती. क्लासेसच्या गल्लीजवळ खोली घेतली होती. सासू-सासरे आणि धाकटा दीर गावी. शिवराज कमी बोलायचा, पण मुलीच्या मार्कांचा विषय निघाला की थांबायचा नाही. गाडी फार जपून चालवायचा. घाटात कितीही घाई असली तरी पहिला-दुसरा गिअर सोडायचा नाही.

त्या दिवशी दुपारी दोनला आदेश आला. उद्या चार गाड्या खाली जाणार. निघायची वेळ सकाळी सहा. शिवराजकडं तीन नंबरची गाडी होती. तीनला मोबाइल जमा झाले. मी मोजले, कुलूप लावलं, सही केली.

पाच वाजून वीस मिनिटांनी एक्स्चेंजवर लातूरहून फोन आला. शिवराजची मुलगी होती. आईला दवाखान्यात ॲडमिट केलंय, पप्पाला सांगा, एवढंच बोलली आणि रडायला लागली. मी शिवराजला बोलावून घेतलं. तो गाडीखालून आला. हात ग्रीसचे होते.

"साहेब, दोन मिनिटं द्या."

कंपनीचे मेजरसाहेब ब्रीफिंगमध्ये होते. त्यांना विचारायला हवं असं नव्हतं. तो अधिकार माझा होता. मी म्हणालो, "दोन मिनिटं. गाडीचं, वेळेचं काही बोलायचं नाही."

"हाव साहेब."

महानंदाच्या मोबाइलवर फोन लावून दिला. मी दुसरा रिसीव्हर कानाला लावला. पलीकडं बाई बोलत नव्हती, नुसता श्वास ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "गेलं ते." ती पुन्हा म्हणाली, "चौथा म्हयना होता. गेलं."

तिला दिवस होते हे मला ठाऊक नव्हतं. शिवराजनं कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. भिंतीकडं तोंड केलं. मी माझा रिसीव्हर खाली ठेवला, बाहेर गेलो आणि दार ओढून घेतलं.

नियम मला पाठ होता. तरी गेलो.

मी बाहेर उभा राहिलो. आतलं काही ऐकू येत नव्हतं. लाइनची मला काळजी नव्हती, सकाळीच मी स्वतः तपासली होती. दोन मिनिटांनी दार वाजवायला हवं होतं. वाजवलं नाही. चार मिनिटांनी शिवराज बाहेर आला. तोंड धुऊन आल्यासारखं ओलं होतं.

"बरी हाय आता," तो म्हणाला. "धाकटा भाऊ यायलाय मनली गावाकडून. खाली पोचलो की सुट्टी टाकतो साहेब."

"टाक. मी बोलतो मेजरसाहेबांशी."

तो पुन्हा गाडीकडं गेला. आमचं बोलणं तेवढंच.

सकाळी सहाला गाड्या निघाल्या. रस्ता तपासणारी पार्टी पहाटेच पुढं गेली होती आणि रस्ता मोकळा असल्याचा निरोप आला होता. मी वायरलेस सेटवर होतो. दर दहा मिनिटांनी कॉन्व्हॉयचा निरोप यायचा. सहा दहा, ओके. सहा वीस, ओके. सहा तीसचा निरोप आला तेव्हा मागं कुणीतरी हसत होतं.

सहा चौतीसला सेट उघडला.

"ब्लास्ट. तीन नंबर गाडी. तीन नंबर गाडी. ओव्हर."

"कॅज्युअल्टी बताओ. ओव्हर."

उत्तर आलं नाही. मी पुन्हा विचारलं. फायरिंगचा आवाज आला. मग दुसराच आवाज बोलला.

"तीन कॅज्युअल्टी. गाडी नीचे गयी है. फायर आ रहा है. मदद भेजो. ओव्हर."

"मदद निकल रही है. सेट खुला रखो. ओव्हर."

फायरिंग अकरा मिनिटं चाललं. मदत पोचायला पस्तीस लागली. त्या सबंध वेळात मी सेटवरून उठलो नाही, उठायचंही नव्हतं. गेले ते तिघे तीन नंबरच्या गाडीतले होते. नाईक शिवराज बिरादार. हवालदार सुरजित, त्याच्या शेजारी बसलेला. सिपाही मुथ्थू, मागच्या बाजूला. बाकीच्या गाड्यांतले चार जखमी, ते वाचले.

अकरा वाजता मी मेजरसाहेबांसमोर उभा राहिलो. काल सतरा वीसनंतर शिवराजला फोन दिला, दुसरा रिसीव्हर मी खाली ठेवला, चार मिनिटं काय बोलणं झालं ते मी ऐकलेलं नाही, असं सांगितलं. त्यांनी कोरा कागद माझ्यापुढं सरकवला.

"लिख के दो, केंद्रे साहब."

लिहून दिलं.

शिवराजला घेऊन दुसरे जेसीओ उदगीरला गेले. मी चौकशीसाठी थांबलो. गाड्यांची वेळ बाहेर कशी गेली, हा चौकशीचा प्रश्न होता. आमची लाइन पुन्हा तपासली गेली. स्वच्छ निघाली. मग पलीकडचं टोक बघायचं ठरलं. सतराव्या दिवशी मी, आमचा एक टेक्निशियन हवालदार आणि पोलीस ठाण्यातल्या एक बाई असे तिघं लातूरला महानंदाच्या खोलीवर गेलो.

गल्लीत पोरापोरींची गर्दी होती. पाठीवर दप्तरं, हातात नोट्स. खोली पहिल्या मजल्यावर. दार मुलीनं उघडलं. महानंदा भिंतीला टेकून बसली होती. अंगात अजून ताकद नव्हती. दीर, उमाकांत, पंचवीस-सव्वीसचा, दाराशी उभा होता. त्यानंच आम्हाला पाणी दिलं.

मी म्हणालो, "ताई, तुमचा फोन बघायचा आहे. लिहून घेऊन नेऊ, लिहून परत देऊ."

तिनं उशीखालून फोन काढून दिला. का, म्हणून विचारलंही नाही.

टेक्निशियननं तिथंच बसून बघितला. अर्धा तास गेला. मग त्यानं मला जवळ बोलावलं. कॅल्क्युलेटर दोन होते. एक खरा. दुसरा उघडला की पासवर्ड विचारत होता. तो कॅल्क्युलेटर नव्हताच. फोनवरचं प्रत्येक बोलणं तो टेप करत होता.

"ये किसने डाला?" टेक्निशियननं विचारलं.

मी उमाकांतकडं बघितलं. त्याच्या हातातला तांब्या त्यानं खाली ठेवला.

"दादानंच मनलं होतं, नवा फोन चालू करून दे वैनीला. तवा टाकलं."

"दादाला ठाऊक होतं?"

"न्हाई."

"मग कशाला टाकलंस?"

"बाई एकली राहती शहरात. गावात लोक बोलालते. लक्ष ठेवायला टाकलं, साहेब. दुसरं काय न्हाई. कुठंतरी लिंक आली होती, फुकट होतं."

महानंदानं मान वर केली. "किती दिवसापासून?"

टेक्निशियनला तेवढं मराठी कळलं. त्यानं तारीख बघितली. "ग्यारह महीने."

"आईसंगट बोलले ते बी?"

उमाकांत खाली बघत होता. "हाव."

"ह्यांच्यासंगट?"

"समदं न्हाई ऐकलं वैनी. देवाशपथ समदं न्हाई ऐकलं."

ती मुलीला म्हणाली, "आत जा." मुलगी आत गेली, म्हणजे ओट्याच्या पडद्यामागं. दुसरी खोली नव्हतीच.

टेक्निशियननं मला जे खालच्या आवाजात सांगितलं ते मी खोलीत कुणाला सांगितलं नाही. टेप दोन ठिकाणी जात होती. एक उमाकांतच्या मोबाइलवर. दुसरी देशाबाहेरच्या कुठल्याशा सर्व्हरवर. ती तिकडं जाते हे उमाकांतलाही माहीत नव्हतं. पोलीस ठाण्यातल्या बाई त्याला घेऊन जिना उतरल्या. त्याची केस अजून चालू आहे. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

चौकशीच्या खोलीत तीन अधिकारी होते. टेप मराठीत. तिथं मराठी जाणणारा मी एकटा. मी साक्षीदार आहे, मला हे काम देऊ नये, असं मी म्हणालो. अध्यक्ष कर्नल होते. ते म्हणाले, नंतर दुसऱ्या माणसाकडून ताडून घेऊ, आज तुम्ही सांगा. मी खुर्चीवर बसलो. टेप एकेक वाक्य थांबवून लावली आणि मी हिंदीत सांगत गेलो.

"गेलं ते."

"क्या गया?" कर्नलसाहेबांनी विचारलं.

मी सांगितलं. कारकुनाचा हात चालू होता. कर्नलसाहेब त्याला म्हणाले, "ये काट दो. इसकी रिकॉर्ड में ज़रूरत नहीं." त्यानं ती ओळ खोडली. त्या दिवसात त्या बाईच्या बाजूनं कुणी काही केलं असेल तर तेवढंच.

पुढं शिवराज म्हणत होता, रडू नको. तू हायस न. पोरीला जवळ घे. दूध पी. आईला आत्ता सांगू नको, मी आलो की सांगतो. मी एकेक शब्द हिंदीत केला. तीन अनोळखी माणसांसमोर, सरळ बसून, मोठ्यानं. ज्याच्यासाठी मी दार ओढून बाहेर गेलो होतो ते बोलणं मला असं ऐकावं लागलं.

मग महानंदा म्हणाली, "तुमी कवा येताव?"

शिवराज थांबला. टेपमध्ये ते थांबणं नीट ऐकू येतं. त्याला नियम आठवला असावा. मग म्हणाला, "उद्या सहाला निघायलो खाली. पोचलो की सुट्टी टाकतो."

मी ते वाक्य हिंदीत सांगितलं. कर्नलसाहेबांनी पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं.

निष्कर्ष असा निघाला. त्या सर्व्हरवरून ती टेप कुणी उचलली हे कळू शकलं नाही. गाड्यांत डिझेल भरताना, सामान चढवताना आजूबाजूच्यांनी पाहिलं असणंही शक्य होतं. त्यामुळं त्या फोनमुळंच हल्ला झाला असं सिद्ध झालं नाही. दुसरा रिसीव्हर खाली ठेवल्याचा माझा दोष सिद्ध झाला. माझ्या कागदावर कडक शेरा आला. तो योग्य होता. पुढं एक पोस्टिंग केली आणि सुभेदार होऊन घरी आलो.

आता मी नांदेडला, विष्णुपुरीच्या बाजूला राहतो. माजी सैनिकांचे मेळावे होतात तिथं मी जातो. लोक शौर्याच्या गोष्टी सांगायला लावतात. मी त्या चारदोन वाक्यांत आटपतो आणि म्हणतो, ज्या घरचा माणूस आज नोकरीवर आहे त्या घरच्या बायांनी आपापले फोन घेऊन पुढं बसावं. मग एकेक दाखवतो. आपण न टाकलेलं काय दिसतंय, माइकची परवानगी कशाकशाला दिली आहे, कॅल्क्युलेटर किती आहेत. माझ्याबरोबर रशीदभाई असतात. बाजारात त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, वडील घड्याळं दुरुस्त करायचे. एकदा मी त्यांना विचारलं, असलं फोनमध्ये टाकून द्या म्हणून येतात का कुणी.

"आते ना साहब. शरीफ घर के लोगां आते. बीवी का फोन, बहू का फोन. मैं वापस भेज देता. वो बाजूवाले के पास जाते."

कंधारच्या मेळाव्यात एक निवृत्त हवालदार उठून म्हणाले, "घरच्या बाईचा फोन घरच्यानंच बघितला तर काय बिघडलं, साहेब? आपलंच घर हाय."

मी म्हणालो, "माझे तीन लोक गेले."

पूर्ण खरं तसं म्हणता येत नाही, सिद्ध झालेलं नाही. पण मी तेच म्हणालो. ते खाली बसले. त्या दिवशी दोन फोनांत तसलंच सापडलं. एका बाईनं विचारलं, हे कुणी टाकलं ते कळतं का. मी म्हणालो, कळतं, पण ते तुम्ही घरी जाऊन एकट्यानं विचारू नका. रशीदभाईंनी ते काढून दिलं आणि तिनं पदरानं फोनची काच दोनदा पुसली.

मागच्या हिवाळ्यात मी लातूरला महानंदाकडं गेलो. घर बदललं आहे. ती क्लासच्या मुलींचे डबे करते. सासरी जाणं-येणं आहे, फक्त उमाकांतच्या समोर जात नाही. मुलगी नर्सिंगला लागली. मी गेलो तेव्हा महानंदा भाकरी थापत होती. हात धुऊन समोर येऊन बसली. पहिल्यांदाच एवढं बोलली.

"साहेब, एक इचारू?"

"विचारा ताई."

"ते सहाला निघतो मनले ते त्यांनी आपणहून न्हाई सांगितलं. मी इचारलं होतं. कवा येताव मनून. मी इचारलं नसतं तर ते बोलले नसते."

हे तिनं इतकी वर्षं मनात ठेवलं होतं. मी तिला माझ्या बाजूचं सांगितलं. दुसरा रिसीव्हर माझ्या हातात असायला हवा होता. तो मी ठेवला आणि बाहेर गेलो. असता तर सहा हा शब्द तोंडातून निघायच्या आत लाइन तोडली असती.

"का ठेवलाव?"

"तुम्ही दोघं बोलत होतात म्हणून."

ती म्हणाली, "तेवढ्यापुरतं तरी कुणी ऐकायलं न्हाई असं वाटलं असंल त्यांना."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तो आवाज मिळंल का मला? त्यांचा दुसरा आवाज न्हाई माझ्याकडं. लग्नाची कॅसेट खराब झाली."

मी अर्ज केला. तीन वेळा केला. टेप पुरावा म्हणून जमा आहे, केस संपेपर्यंत देता येत नाही, असं उत्तर आलं. हे तिला फोनवर नाही, लातूरला जाऊन सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमी तर समदं ऐकलाव. सांगा की."

मी सांगितलं. जसं त्यानं म्हटलं तसं, उदगीरच्या बोलीत. रडू नको. तू हायस न. पोरीला जवळ घे. दूध पी. सहाचं वाक्य आलं तिथं मी थांबलो. ती म्हणाली, "ते बी सांगा." तेही सांगितलं.

त्या तारखेला दरवर्षी सकाळी मी तीन फोन करतो. पहिला महानंदाला. दुसरा सुरजितच्या वडिलांना. ते शेतात असतात, हवापाण्याचं बोलतात आणि मग म्हणतात, सुरजितला त्याच्या बैलांना कुणी हात लावलेलं कधी खपायचं नाही. दरवर्षी तेच सांगतात. तिसरा मुथ्थूच्या आईला. तिला हिंदी येत नाही, मला तमिळ येत नाही. मुथ्थू तेवीस वर्षांचा होता. वॉलीबॉल चांगला खेळायचा आणि जेवताना शर्टावर डाळ सांडायचा. हे तिला सांगावंसं वाटतं, सांगता येत नाही. मी म्हणतो, "अम्मा, मुथ्थू." ती म्हणते, "मुथ्थू." मग आम्ही दोघं थोडा वेळ काही न बोलता फोन धरून बसतो, आणि ती ठेवेपर्यंत मी ठेवत नाही.